रंग गेला कोठे?

एकदा वर्गात मी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात मेथिलीन ब्लू या रंगाच्या द्रावणाचे चार थेंब टाकले. पाणी निळेभोर झाले. मग त्यात चमचाभर काळी पूड घालून ते बराच वेळ ढवळले आणि गाळणकागदातून गाळले. खाली उतरलेले पाणी अगदी नितळ होते. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "गुरुजी, रंग गेला कोठे?"

ती पूड नारळाच्या करवंटीच्या कोळशाची होती. परंतु चुलीतला कोळसा निराळा आणि हा निराळा. करवंट्या, भुईमुगाची टरफले, भाताचे तूस, उसाची चिपाडे असल्या टाकाऊ वस्तू बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवितात. त्यांचा कोळसा झाला म्हणजे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानात त्यावरून वाफ सोडतात. ही वाफ कोळशाचा काही अंश खाऊन टाकते आणि त्याच्या अंतरंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडते. अशा कोळशास सक्रिय कार्बन म्हणतात. छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या असत्या, तर चांगल्या प्रतीच्या एका ग्रॅमने सुमारे १,००० चौरस मीटर जागा व्यापली असती. म्हणजे कबड्डीची जवळजवळ आठ मैदाने! रंगाचे रेणू या भिंतींना चिकटतात. या क्रियेस अधिशोषण असे नाव आहे.

कोळशाचा हा गुण १७८५ साली सेंट पीटर्सबर्ग येथे टोबियास लोविट्स या रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आला. पुढे साखरेचा तांबूस पाक स्वच्छ करण्यासाठी कोळसा वापरू लागले. आता त्याच उसाच्या चिपाडांपासून कोळसा करून रंगाचे पाणी निवळता येते.

कापड घेताना आपण दुकानदारास विचारतो, "रंग जाणार नाही ना?" उन्हाने विटू नये, धुण्याने उतरू नये, असाच रंग आपल्याला हवा असतो. हाच पक्केपणा नदीला भोवतो. इचलकरंजी, सोलापूर यांसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावी सूत व कापड रंगविताना सगळाच रंग धाग्यात मुरत नाही. उरलेला धुवणाबरोबर बाहेर पडतो. असे पाणी शुद्ध न करता सोडले, तर सूर्यप्रकाश खोलवर पोचत नाही, पाणवनस्पतींचे अन्न तयार होणे मंदावते आणि पाण्यातील प्राणवायू घटून मासे गुदमरतात.

कोळसा या कामी मोठा उपयोगी आहे, पण तो सर्वसमर्थ नव्हे. रंगाईत पुष्कळ मीठ वापरतात; ते त्याला पकडता येत नाही. शिवाय छिद्रे भरली की तो आणखी रंग घेत नाही. मग त्यास पुन्हा तापवून छिद्रे मोकळी करावी लागतात, आणि प्रत्येक वेळी त्यातला थोडा जळून जातो.

त्या मुलीला मी सांगितले, "रंग कोठेही गेला नाही. तो या काळ्या पुडीत बसला आहे." एवढे बोलून मी तो ओला गाळणकागद खिडकीबाहेर टाकण्यास हात उचलला.

"गुरुजी, तिकडे नको!" ती म्हणाली. "खाली ओढा आहे."

मी कागद बरणीत घालून झाकण लावले.