सड्यावरील दुर्मिळ आमरी

सातारा जिल्ह्यातील सड्यांची जमीन सातबाराच्या उताऱ्यावर बहुधा 'पोटखराब' म्हणून नोंदलेली असते. नांगर चालत नाही, तेव्हा जमीन निरुपयोगी, अशी समजूत त्यामुळे दृढ झाली आहे. परंतु ह्याच सड्यांवर व त्यांलगतच्या गवताळ उतारांवर वाढणारी एक आमरी उत्तर सह्याद्री सोडून जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. हबेनारिया पंचगणिएन्सिस हे तिचे शास्त्रीय नाव. पाचगणीवरून ते ठेवणारे फादर संतापाऊ व कापडिया ह्यांचा मुंबई राज्यातील आमरींवरील ग्रंथ १९६६ साली प्रसिद्ध झाला.

आमरी म्हटले की झाडाच्या फांदीवर लोंबणारी सीतेची वेणी आठवते. ही आमरी मात्र जमिनीतील कंदावर जगते. जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम काही बोटे. पावसाळ्यात ती पाण्याने भिजून चिंब असते आणि दिवाळीनंतर खडखडीत वाळते. पावसाबरोबर कंदास पाने फुटतात, पावसातच हिरवट फुलांचा दांडा येतो, बी धरते व वरील भाग वाळून जातो. जुना कंद सुकतो. त्याच्या जागी तयार झालेला नवा कंद उरलेले महिने मातीत निजून राहतो.

बियांची गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्वारीच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी बांधून दिलेली असते. आमरीचे बी धुळीइतके बारीक; त्यात शिदोरी मुळीच नसते. मातीतील विशिष्ट बुरशीने अन्न पुरविले तरच ते रुजते. बुरशी म्हटली की शेतकऱ्यास काणी व तांबेराच आठवतो. येथे मात्र तीच दाई होय. म्हणूनच कंद उपटून कुंडीत लावणे व्यर्थ ठरते. एखादे वर्ष पाने दिसतात आणि पुढे रोप बहुधा नाहीसे होते. सर्व आमरींचा परदेशी व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने नियंत्रित आहे, हेही कंद विकत मागणाऱ्यास सांगावे.

जांभ्याची खाण किंवा सपाटीकरणासाठी बाहेरून आणून टाकलेली माती ह्यांनी सडा कायमचा जातो. वणव्यात कंद कदाचित वाचेल. परंतु गवताचे आच्छादन जळाल्यावर पहिल्या वळवाच्या सरींनी ती बोटभर माती वाहून जाते. चराई सर्वस्वी बंद करणे हितावहच असते, असे मात्र नाही. गवत फार माजले की ठेंगण्या वनस्पती झाकल्या जातात. मर्यादित चराई चालेल. एकाच वाटेवरून सतत होणारी गुरांची, घोड्यांची व पर्यटकांची तुडवण टाळावी. गवताची कापणी शेंगा तडकून बी उडाल्यावरच करावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी श्रावण-भाद्रपदात सडा पायी पाहावा. अशी आमरी आढळल्यास जागा व तारीख टिपून, शक्य तर छायाचित्रासह, वनखात्याच्या नजीकच्या कचेरीस कळवावे. नमुना म्हणून कंद काढू नये.