गाठोडे बांधायला चार हात, सोडायला एक!

एक खड्डा खणायला एका मजुराला चार दिवस लागतात, तर चार मजुरांना किती? तुम्ही चटकन उत्तर द्याल, 'एक दिवस.' पण प्रत्येक काम असे वाटून घेता येते का? पत्र लिहिणे, ते पाकिटात घालणे आणि पेटीत टाकणे ही कामे तिघांना एकाच वेळी करता येणार नाहीत. एक पुरे झाल्याशिवाय दुसरे सुरूच होत नाही.

संगणकातील फाइल दाबून लहान करण्याचे काम या दोहोंपैकी कोणत्या प्रकारचे?

आधी फाइल लहान कशी होते ते पाहू. 'गाडी आली, गाडी थांबली' हे वाक्य घ्या. दुसऱ्यांदा 'गाडी' न लिहिता 'दोन शब्द मागे जा, एक शब्द उतरवून घे' अशी खूण करता येईल. संगणक अशी खूण अगदी थोड्या जागेत लिहितो. मजकुरात पुनरावृत्ती जितकी अधिक, तितकी बचत अधिक. ही युक्ती लेम्पेल आणि झिव्ह यांनी 1977 मध्ये मांडली. झाँ-लू गेली आणि मार्क ॲडलर यांनी 1992 मध्ये तयार केलेला 'जीझिप' हा प्रोग्राम तिचाच उपयोग करतो. त्यातील खूण जास्तीत जास्त 32 किलोबाइट मागे जाऊ शकते.

म्हणजे पुढचा मजकूर मागच्यावर अवलंबून! मग काम वाटायचे कसे? आजच्या संगणकांत गणन करणारे चार, आठ किंवा अधिक 'कोअर' असतात. पण जीझिप त्यांपैकी एकालाच राबवतो. बाकीचे स्वस्थ बसतात.

ॲडलर यांनी 2007 मध्ये यावर उपाय काढला. त्या प्रोग्रामचे नाव 'पिग-झी'. तो फाइलचे 128 किलोबाइटचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक कोअरला एकेक तुकडा देतो. पण प्रत्येकाने कोऱ्या पाटीने सुरुवात केली, तर तुकड्याच्या आरंभी मागे बोट दाखवायला काहीच उरणार नाही आणि बचत घटेल. म्हणून तो प्रत्येक कोअरला आधीच्या तुकड्याचे शेवटचे 32 किलोबाइटही वाचायला देतो. हा मूळ मजकूर आपल्या हाती आधीपासूनच असतो. त्यासाठी शेजाऱ्याचे काम संपण्याची वाट पाहावी लागत नाही! शेवटी सर्व तुकडे क्रमाने जोडले जातात आणि तयार झालेली फाइल साधा जीझिपही उघडू शकतो.

आता उलटे काम पाहा. दाबलेली फाइल उघडताना तिसऱ्या तुकड्याला दुसऱ्याचा शेवट हवा. पण तो तर अजून गाठोड्यातच बांधलेला! म्हणून उलगडण्याचे मुख्य काम एकच कोअर क्रमाने करतो. वाचणे, लिहिणे आणि तपासणी यांपुरतीच इतरांची मदत होते. तरीही उघडणे रेंगाळत नाही, कारण तेथे पुनरावृत्ती शोधायची नसते, फक्त खुणा पाळायच्या असतात.

करून पहा

लिनक्स संगणकावर पिग-झी बसवलेला असल्यास टर्मिनल उघडा. पी, आय, जी, झेड ही लहान रोमन अक्षरे सलग लिहा. जागा सोडून आडवी रेघ व तिला जोडून 'के' हे लहान अक्षर, पुन्हा जागा सोडून फाइलचे नाव लिहा आणि एंटर कळ दाबा. 'के' विसरू नका! ते नसेल तर दाबलेली फाइल तयार झाल्यावर मूळ फाइल पुसली जाते. 'के'च्या आधी रेघ, 'पी' आणि 1 हा आकडा लिहून, मग 1 ऐवजी 4 लिहून, दोन्ही वेळा लागलेला वेळ मोजा. फाइल मोठी आणि मजकुराची घ्या. छायाचित्रे बहुधा आधीच दाबलेली असतात. दुसऱ्या खेपेपूर्वी पहिली दाबलेली फाइल काढून टाका.

वेळ बरोबर चौथाई होतो का? बहुधा नाही. वाचणे, लिहिणे आणि तुकडे जोडणे यांचा वेळ कोअर वाढवून तितका कमी होत नाही.

जाता जाता एक प्रश्न: 1,024 किलोबाइटच्या फाइलचे तुकडे किती, आणि चार कोअरना किती फेऱ्या? उत्तर: तुकडे 8, फेऱ्या 2. पण त्याच फाइलचे गाठोडे सोडताना हे गणित का चालत नाही, हे मात्र तुम्ही आपल्या मित्राला समजावून सांगा!