एका दिवसात फोर्ट-कुलाबा? होईल गं!

अगं, तुझी यादी वाचली. गेट वे, घारापुरी, म्युझियम, राणीची बाग, हाजी अली, मरीन ड्राइव्ह आणि वर 'वेळ उरल्यास सिद्धिविनायक'! सोबत गुडघे धरलेले सासरे, उन्हाने डोकं दुखणाऱ्या सासूबाई आणि दर तासाला भूक लागणारी दोन पोरं. खरं सांगू का, ही यादी घेऊन निघालीस तर दुपारी दोनला तूच रस्त्यात फतकल मारून बसशील. निम्मी नावं खोड आधी. राणीची बाग भायखळ्याला, हाजी अली पार दुसऱ्या टोकाला. ते पुढच्या खेपेला. पाहुणे परत येणारच आहेत, काळजी नको.

बघ, सीएसएमटी स्टेशनपासून गेट वेपर्यंत चालत अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. मुंबईत जे बघायला लोक लांबून येतात, त्यातलं बरंचसं या एवढ्याशा पट्ट्यात आहे आणि बहुतेक सगळं रस्त्यावर उभं राहून फुकटात दिसतं. म्हणून तिकीट काढून आत जायच्या जागा दोनच ठरव. बाकीचं जाता जाता.

वार कुठला, ते आधी ठरव. रविवारी फोर्टातली ऑफिसं बंद असतात, रस्ते मोकळे, म्हाताऱ्या माणसांना चालायला बरं. पण शनिवारी रात्री मेगाब्लॉक कुठे आहे ते बघून घे, नाहीतर ठाण्यातच तासभर लटकाल. सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. सोमवारी मुद्दाम रजा टाकून तिकडे निघालेली शहाणी कोण, ते विचारू नकोस. म्युझियम मात्र सोमवारीही उघडं असतं.

आणि एक, तिकडे रिक्षा नाहीत. तुम्हा ठाण्याकडच्या लोकांच्या हे लक्षातच राहत नाही. काळीपिवळी करायची, मीटरने. तुम्ही सहा जण, म्हणजे दोन टॅक्स्या आल्या. दुसऱ्या टॅक्सीत एक जाणतं माणूस बसव आणि त्याला एवढंच सांग, 'रीगल सिनेमाला उतरायचं'. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय असं पूर्ण नाव घेत बसू नकोस, टॅक्सीवाल्याला 'म्युझियम' म्हटलं की कळतं. सासऱ्यांचं जास्तच दुखत असेल तर भुयारी मेट्रोही आता थेट कफ परेडपर्यंत जाते. हुतात्मा चौक, चर्चगेट सगळी स्टेशनं वाटेत आहेत आणि लिफ्टही आहेत.

सीएसएमटीला उतरलात की लोंढ्याबरोबर सरळ पुढे पळू नका. सबवेतून महापालिकेच्या बाजूला या आणि वळून बघा. १८७८ ला स्टेशनच्या इमारतीचं काम सुरू झालं, दहा वर्षं चाललं. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुकाराचं काम, आणि ज्या महापालिकेच्या इमारतीपाशी तुम्ही उभे असाल तीही त्याचीच. पोरांना काम लावून दे. स्टेशनच्या फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड, वाघ म्हणजे आपण. भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं कोरलेली आहेत, जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांच्या हातची. कोण जास्त प्राणी शोधतो ते बघा म्हणावं. अर्धा तास शांततेत जातो, माझा शब्द. तेवढ्यात समोरच्या 'आराम'मधून तू वडापाव बांधून घे. सासूबाईंना बाहेरचं चालत नसेल तर घरचे ठेपले पिशवीत असू देत, त्यात लाजायचं काय?

तिथून दादाभाई नौरोजी रोडने फ्लोरा फाउंटनकडे जा. इमारतींच्या कमानींखालून फुटपाथ जातो, त्यामुळे डोक्यावर सावली राहते. हुतात्मा चौकात दोन मिनिटं थांबाच. १८६४ चं इंग्रजी कारंजं आणि शेजारी मशाल धरलेला शेतकरी-कामगार. १९५५ च्या नोव्हेंबरात इथे गोळीबार झाला, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं गेली. हे पोरांना तू सांगू नकोस, सासऱ्यांना सांगू दे. त्या पिढीकडे त्याच्या आठवणी असतात, आणि माणूस बोलायला लागलं की गुडघे विसरतं.

आता म्युझियम. इथे घाई करू नकोस गं. तिकिटाच्या एका जागेवर वेळ घालवायचाच, तर तो इथे. जॉर्ज विटेटने आखलेली इमारत, १९०५ ला पायाभरणी, लोकांसाठी उघडलं १९२२ ला. सगळी दालनं बघायची म्हणशील तर दोन दिवस पुरणार नाहीत, म्हणून वाटण्या कर. सासऱ्यांना शस्त्रांच्या दालनात सोड, अकबराचं चिलखत आहे तिथे. जवळ जाऊन बघ म्हणावं, पोलादावर किती नाजूक अक्षरं कोरली आहेत. पोरांना प्राण्यांच्या दालनात ने, किंवा आवारात वेगळं बाल संग्रहालय आहे तिकडे. सासूबाईंना लघुचित्रांच्या दालनात बाकावर बसव, थंड आणि शांत असतं. तू मात्र मधल्या घुमटाखाली एकदा मान वर करून उभी राहा. कुणालाही शोधायचं नाही, कुणाची बाटली धरायची नाही, पाच मिनिटं.

आणि ऐक, बाहेर पडण्यापूर्वी सगळ्यांनी इथलंच स्वच्छतागृह वापरायचं. लागली नसेल तरी. गेट वेला जाऊन शोधत फिरण्यापेक्षा हे शंभरपट बरं. याबाबतीत मी हिटलर आहे, तूही हो.

शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिकीट नाही, मन झालं तर आत डोकाव. काळा घोडाही तिथेच. राजासकट असलेला मूळचा पुतळा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला, आता २०१७ पासून नुसता घोडा उभा आहे, पाठीवर कुणी नाही. मला हाच जास्त आवडतो.

जेवण म्युझियमच्या आसपासच उरकून घे, एक वाजायच्या आत. दीडनंतर कामाच्या दिवशी कुठेही जागा मिळत नाही.

मग गेट वे. राजा पाचवा जॉर्ज आला १९११ ला आणि त्याच्या स्वागताची कमान पुरी झाली १९२४ ला. आणि आपण आपल्या कंत्राटदारांना नावं ठेवतो! शेजारचं ताज १९०३ चं, म्हणजे कमानीआधी वीसेक वर्षं ते उभं होतं. १९४८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून गेली, हे मात्र पोरांना आवर्जून सांग. फोटोवाले मागे लागतील. एकच फोटो काढून घ्या सगळ्यांचा, भाव आधी ठरवून. मोबाईलमधले फोटो कुणी परत बघत नाही, हा फ्रेममध्ये जातो.

घारापुरीचं काय, तर बघ. बोटीने जायला तास, यायला तास, वर शंभराहून जास्त पायऱ्या. खाली धक्क्यापासून छोटी गाडी आहे, डोलीही मिळते, पण अर्धा दिवस गेलाच म्हणून समज. लेण्यातली त्रिमूर्ती अठरा-वीस फूट उंच आहे, तिच्यापुढे घामाघूम होऊन, घड्याळ बघत उभं राहण्यात काय अर्थ? ती वेगळी सकाळ ठेव, नवऱ्याबरोबर दोघंच जा हवं तर. आज पोरांना बोटीत बसायचंच असेल तर गेट वेहून बंदरात छोटा फेरा मारून आणतात, तेवढा पुरे. लाइफ जॅकेट मागून घ्यायचं आणि घालायचं, हातात धरून बसायचं नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असला तर विषयच सोडून द्या.

कुलाब्याच्या फुटपाथवर कानातली घ्यायची असतील तर सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यावरून सुरुवात कर. लाजलीस की संपलीस. मी पूर्वी भाव करायला लाजायचे, त्यामुळे माझ्याकडे अजून एक झुमक्यांचा जोड आहे जो सोन्यापेक्षा महाग पडला.

संध्याकाळी साडेपाचनंतर टॅक्सीने मरीन ड्राइव्ह. आधी नको, ऊन थेट डोळ्यांवर येतं आणि कठडा इतका तापलेला असतो की बसवत नाही. एक पंचा बरोबर ठेव, खाली अंथरायला. वाटेत ओव्हल मैदान लागेल तेव्हा टॅक्सीतूनच दाखव. एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, १८७० च्या दशकातली टोकदार कमानींची दगडी कामं. दुसऱ्या बाजूला १९३० च्या दशकातल्या गोलसर गच्च्यांच्या इमारती. टॉवर झाला तेव्हा समुद्र कितीतरी जवळ होता, भराव घालून ही नवी रांग उठली. २०१८ मध्ये युनेस्कोने दोन्हीकडच्या इमारतींना मिळून मान दिला. मरीन ड्राइव्हच्या खालच्या त्या सिमेंटच्या टेट्रापॉडांवर पोरांना उतरू द्यायचं नाही, कितीही रडली तरी.

सासूबाईंना चाललं तर गिरगाव चौपाटीवर भेळ, नाहीतर चणे-दाणे घेऊन तिथेच बसा. सात-साडेसातला उठा. कामाचा दिवस असेल तर तेव्हा गर्दी असतेच, पण गाडी सीएसएमटीहूनच सुटते. एक सोडून द्या, पुढच्या गाडीसाठी आधीच उभे राहा, म्हणजे चौघांना तरी जागा मिळेल. परतीची तिकिटं सकाळीच काढून ठेव. आणि त्या नव्या चपला अजिबात घालू नकोस, जुन्याच घाल.