उन्हाळ्याचं पाणी दिवाळीत मोजायचं

पोरी, वरोऱ्यात बिऱ्हाड मांडलंस, बरं केलंस. श्रावणातली झड पाहून तुला वाटेल, इथं कसली आली पाण्याची चणचण! पश्चिमेला वर्धा नदी, पलीकडे यवतमाळ जिल्हा, आणि पाऊस म्हणशील तर सरासरी हजार मिलिमीटरच्या वर. घोळ तिथंच आहे. मराठवाड्यातला माणूस कळशीगणिक हिशेब ठेवतो, कारण त्याला आभाळाचा भरवसा नाही. आपल्याला भरवसा आहे, म्हणून हिशेब नाही, आणि पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की हातपंपावर रांग. २०१० च्या मे महिन्यात इरई धरण इतकं आटलं की चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. तुझं स्वयंपाकघर तर कोणी बंद ठेवू देणार नाही. तेव्हा चहा घे आणि ऐक.

१. विहिरीच्या दोराला हाताहातावर गाठी मार आणि दिवाळीपासून दर महिन्याला ओल्या गाठी मोजून कॅलेंडरवर लिही – वैशाखात काय होणार ते संक्रांतीलाच कळतं. दोर सांगतो ते आभाळ सांगत नाही.

२. पिण्या-रांधण्याला माणशी दहा लिटर धर आणि दोन दिवसांचं पाणी घरात राहू दे. पाहुणे धरून मोज – आपल्याकडची लग्नं नेमकी मे महिन्यातच निघतात, आणि वऱ्हाडी कधी पत्रिकेवर लिहिले तेवढे येत नाहीत.

३. पिण्याच्या पाण्यात पेला बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं ठेव आणि वर झाकण घट्ट – टंचाईत पाणी जास्त वेळ साठून राहतं, त्यात एकाची बोटं गेली की घरभर हगवण. झाकण ढिलं, पोट ढिलं.

४. माठ फाल्गुनातच आण, रात्रभर पाण्यात बुडवून ठेव आणि मग ओल्या वाळूवर मांड – ऐन एप्रिलात बाजारात उरतात ते काठ उडालेले, आणि भाव मात्र चढलेला. खाली परात ठेव, पाझरलेलं चिमण्यांना होतं.

५. आता कूलर. आपल्या विदर्भात हा घरातला सगळ्यात तहानलेला पाहुणा. दुपारभर चालला तर टाकीच्या टाकी पितो आणि वर माशाअल्ला आवाज करतो. समोरची खिडकी थोडी उघडी ठेव – दमट हवा बाहेर गेली नाही तर पाणी जातं आणि गारवाही येत नाही. उन्हं कलली की पंप बंद कर, नुसता पंखा चालू दे. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कडा घासून कोरडी कर – डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून बसतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. काढलेलं पाणी मोरीत ओतलंस तर मी येऊन बघेन. कढीपत्त्याच्या आळ्यात ओत.

६. आरओ लावला असेल तर त्याची सांडपाण्याची नळी बादलीत सोड – एक लिटर गोड करायला तो तीन-एक लिटर बाहेर टाकतो, आणि ते फरशीला, संडासाला चालतं.

७. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर आजच बदल – सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला पंधरा-सतरा लिटर गेले, म्हणजे दीड माणसाचं पाणी.

८. नळ दोन-तीन दिवसांनी आला तर पहिल्या पाच मिनिटांचं पाणी धुण्याला काढ – रिकाम्या नळीत फुटक्या सांध्यांतून माती आणि गटार शिरलेलं असतं.

९. आणि नळाला टुल्लू पंप लावायचा नाही, सगळी गल्ली लावत असली तरी नाही – तो शेजारणीचं पाणी ओढतो, आणि त्याच फुटक्या सांध्यांतून घाणही तुझ्याच टाक्यात ओढतो.

१०. टँकरचं किंवा उघड्या विहिरीचं पाणी असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. आधी बादलीत कालव, निवळू दे, वरचं पाणी टाकीत ओत आणि अर्धा तास थांब – चुन्यासारखा गाळ पोटात जाऊ नये आणि औषधाला त्याचं काम करायला वेळ मिळावा. पाकीट उघडं ठेवलंस तर त्याचा जोर उडून जातो, नुसती पांढरी पूड उरते.

११. तुरटी फिरवलीस म्हणजे झालं असं समजू नकोस – तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, रोगजंतू मरत नाहीत. निवळलं ते निर्मळ झालंच असं नाही.

१२. पोराला जुलाब लागले तर डॉक्टरकडे निघेपर्यंत एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटघोट – पोर वाळतं ते अंगातलं पाणी गेल्यानं. चमचा चहाचा, पोह्यांचा नव्हे.

१३. खेड्यावरच्या घरी हातपंपाचं पाणी वर्षातून दोनदा तपासून घे, पावसाळ्याआधी आणि नंतर. आपल्या जिल्ह्यात काही गावांच्या पाण्यात फ्लोराईड आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेला की पोरांच्या दातांवर तपकिरी डाग येतात, पुढं हाडं धरतात. आणि हे नीट ऐक – उकळून तो जात नाही, पाणी आटतं आणि फ्लोराईड तेवढाच राहतो.

१४. शेजाऱ्यानं तीनशे फूट बोअर मारली म्हणून तू साडेतीनशे मारायला निघू नकोस – पुढच्या वर्षी तो चारशे मारेल आणि दोघांच्या नळ्या फुसफुसतील. गावाच्या पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदता येत नाही, हा कायदा १९९३ पासूनचा; पण तो आठवतो फक्त भांडण झाल्यावर. कोळशाच्या खाणींच्या बाजूला जमीन घेणार असशील तर आधी तिथल्या चार बायकांना विहिरीचं पाणी विचार – खाण कोरडी ठेवायला पाणी उपसावं लागतं, आणि भोवतीच्या विहिरी खाली जातात. दलालाला विचारशील तर तो नदीच दाखवेल.

१५. मोह वेचायला किंवा तेंदूपानाला जाणाऱ्या माणसांना पाणी घरूनच भरून दे – उन्हाळ्यात जंगलातल्या नाल्यात जिथं डबकं उरतं तिथं वाघ-अस्वलही पाण्यालाच येतात, आणि तेही पहाटेच. त्यांची तहान आपल्यापेक्षा जास्त हट्टी.

१६. हातपंप बिघडला, विहिरीत गाळ साचला, तर ग्रामपंचायतीला कागदावर लिहून दे आणि पोच घे – टंचाईचा आराखडा पावसाळा सरला की तयार व्हायला लागतो, त्यात नाव नसेल तर मे महिन्यात कितीही ओरडा. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला झेंडा झाल्यावर लगेच घरी पळू नकोस.

(मध्येच सांगते. आनंदवन बघून आलीस का? बाबा आमटे आणि त्यांचे पहिले कुष्ठरोगी सहकारी त्या झुडपी, खडकाळ माळावर आले तेव्हा सगळ्यात आधी विहिरीला हात घातला. ज्यांना गाव आपल्या पाणवठ्यावर येऊ देत नव्हतं, त्यांनी ती खडक फोडून खणली. शेती, दवाखाना, सगळं पाण्यामागून आलं. पुढं तिथं जुन्या टायरांचे बंधारेही झाले. आपण मात्र घर बांधताना आधी टाइल्सचा रंग ठरवतो.)

१७. गावच्या तलावाचा गाळ उन्हाळ्यात निघत असेल तर दोन ट्रॉल्या आपल्या वावरात टाकून घे – तलाव खोल होतो, आणि वावराचंही भलं होतं. भाडं आपल्याला पडतं, म्हणून नाक मुरडू नकोस.

१८. आता छपराचं. तीस बाय वीस फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाचशे लिटर पाणी उतरतं. सांडलवंड जाऊन चारशे तरी धर. पहिल्या एक-दोन सरींचं सोडून दे – वर्षभराची धूळ, कबुतरांची घाण त्यातच असते. मग पन्हळीतून गिट्टी, रेती आणि कोळशाच्या टाक्यातून गाळून ते विहिरीत उतरव. विहीर नसली तर अंगणात शोषखड्डा घे, पण संडासाच्या टाकीपासून चांगला लांब.

१९. मृग लागला म्हणून साठवणीचे ड्रम धुऊन पालथे घालू नकोस – आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, कधी तेव्हाही हूल देऊन जातो, आणि आलेला पाऊस विहिरीत उतरायला आणखी काही दिवस घेतो.

२०. पन्हळ बसवायची ती रोहिणीतच बसवून घे – एकदा सरी लागल्या की वरोऱ्यातला एकही प्लंबर फोन उचलत नाही.