मशीनखाली पाणी? चला, गळती शोधू

कपडे लावून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात आणि परत येऊन बघता तर मशीनपासून उंबऱ्यापर्यंत ओघळ! घाबरू नका. समोरून दार उघडणाऱ्या मशीनची गळती बहुतेक वेळा नळाचा पाईप, दाराचं रबर, पावडरीचा कप्पा किंवा खालचा फिल्टर यांपैकीच कुठेतरी असते. या सगळ्या ठिकाणी तुमचा हात पोचतो, मशीनचा पत्रा उघडायची गरज नाही. फक्त क्रम मोडू नका.

हाताशी घ्या: जुनी वर्तमानपत्रं, दोन सुकी फडकी, काठ असलेलं पसरट ताट, बादली, टॉर्च, जुना टूथब्रश, पक्कड आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले दोन पाऊण इंची रबरी वायसर.

१. मेन बोर्डावरून मशीनचा एमसीबी खाली करा. पाण्यात उभं राहून मशीनच्या स्विचला किंवा प्लगला हात लावायचा नाही. कोरडे पाय, कोरडे हात, आणि आधी बोर्ड.

२. आता प्लग काढून ठेवा.

३. मशीनचा नळ बंद करा.

४. सांडलेलं पाणी दोन बोटांवर घेऊन चोळा. स्वच्छ लागलं तर ते नळाच्या बाजूचं, बुळबुळीत लागलं तर मशीनच्या पोटातलं. हे पुसायच्या आधीच करा, कारण एकदा पोछा फिरला की हा पुरावा गेला.

५. फरशी कोरडीठाक पुसा. मशीनच्या पायांभोवतीचं पाणीही टिपून घ्या.

६. मशीनखाली चारही कोपऱ्यांपर्यंत वर्तमानपत्र सरकवा आणि १० मिनिटं थांबा. फरशीचा उतार पाणी भलतीकडेच नेतो, म्हणून ओघळ कुठून आला यावर विश्वास ठेवू नका. कागदावर पहिला डाग जिथे पडतो, गळती त्याच्या वर असते. नळ बंद, मशीन बंद आणि तरीही डाग पडला, तर ड्रममध्ये अडकलेलं पाणी फिल्टरमधून किंवा त्याला जोडलेल्या पाईपातून ठिबकतंय.

७. नळ पूर्ण उघडा, मशीन मात्र बंदच ठेवा, आणि पुन्हा १० मिनिटं बघा. मागच्या बाजूला थेंब दिसले तर नळाचा पाईप. मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी चढत असेल, तर आत पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद होत नाहीये. असं असेल तर नळ बंद करून इथेच थांबा, हे काम मेकॅनिकचं.

८. नळ पुन्हा बंद करून पाईपाचा नट हातानं सोडवा. खाली बादली ठेवा, पाईपात अर्धा-एक तांब्या पाणी असतंच.

९. नटाच्या आतला वायसर काढून वाकवून बघा. चांगला वायसर लवचीक असतो. कडक, चपटा झालेला किंवा भेगा पडलेला असेल तर नवा बसवा. इथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. पाणी आट्यांवर नाही, वायसरवर अडतं, आणि टेपमुळे नट तिरका बसून गळती वाढते.

१०. नट हातानं घट्ट होईल तितका फिरवा, मग पक्कडीनं फक्त पाव फेरा. त्याहून जास्त जोर लावलात तर प्लॅस्टिकच्या नटाला उभी चीर जाते. मशीनच्या बाजूचं टोकही असंच तपासा.

११. पुढच्या बाजूला, अगदी खाली असलेलं चौकोनी झाकण उघडा आणि ताट लावून ड्रममधलं पाणी काढा. बऱ्याच मशीनांत यासाठी बोटाएवढी नळी असते, तिचं बूच काढलं की पाणी येतं. ताट भरलं की बूच लावा, ताट रिकामं करा, पुन्हा उघडा. नळी नसेल तर फिल्टर थोडासाच सैल करा आणि पाणी हळूहळू येऊ द्या. गरम पाण्याचा प्रोग्राम लावला होता का? मग पाणी पूर्ण थंड होईपर्यंत हात लावू नका, चांगलंच भाजतं.

१२. फिल्टर डावीकडे फिरवून बाहेर काढा. आत काय काय सापडेल याची तयारी ठेवा: केसांचा गुंता, रुपयाचं नाणं, ब्लाउजचे हुक, आकडे. आमच्याकडे एकदा बाळाचा अख्खा मोजा निघाला होता.

१३. फिल्टरच्या गळ्यातली रबरी रिंग कोरड्या फडक्यानं पुसा. इथे घाई करू नका. या रिंगेखाली एक केस जरी आडवा पडला तरी त्याच्या कडेनं पाणी वाट काढतं आणि तासाभरात कागद भिजतो. रिंगेवर बोट गोल फिरवा. कुठे खाच किंवा कण लागला तर तीच तुमची गळती. मग टूथब्रशनं मशीनच्या बाजूचे आटेही घासा, पावडरीचा पांढरा थर तिथे हमखास साचतो.

१४. फिल्टर सरळ धरून पूर्ण थांबेपर्यंत उजवीकडे फिरवा. आटे तिरके चढल्यासारखे वाटले तर जोर न लावता काढून पुन्हा बसवा.

१५. दार उघडून रबराच्या घडीत बोट घाला आणि पूर्ण गोल फिरवा. सगळ्यात खालच्या भागात, घड्याळात सहा वाजतात तिथे, जरा थांबा. तिथे बारीक छिद्रं असतात, घडीतलं पाणी त्यातून आत परत जातं. ती सुताच्या लगद्यानं बुजली की पाणी दाराबाहेर येतं. लगदा काढा. मग रबर हलकं ताणून टॉर्च मारा. पिनेनं पडलेली चीर ताण दिल्याशिवाय दिसत नाही. चीर असेल तर तिच्यावर कुठलंही चिकटद्रव्य लावू नका. धुताना रबर सतत हलतं, चिकटवलेलं टिकत नाही. रबर बदलूनच घ्यावं लागतं.

१६. दाराची काच आणि रबर जिथे भेटतात ती कड ओल्या फडक्यानं पुसा. तिथली पावडरीची खरखर पाण्याला पुरेशी फट देते.

१७. पावडरीचा कप्पा पूर्ण बाहेर काढून नळाखाली घासा. सोबत कप्प्याच्या खोबणीचं छतही बघा. तिथल्या बारीक भोकांतून पाणी पडतं. बोअरच्या पाण्याचे क्षार साचले की धार वाकडी होते आणि पुढून ओघळते. ब्रशनं भोकं मोकळी करा, टोकदार सुई वापरू नका.

१८. सांडपाण्याच्या पाईपावर वरपासून खालपर्यंत हात फिरवा. भेगा शोधा आणि दातांचे वणही शोधा. उंदरांना हा पाईप कुरतडायला फार आवडतो.

१९. मशीनचं पाणी ज्या जाळीत जातं, तिथे एक बादली पाणी भसकन ओता. पाणी वर चढलं तर मोरी तुंबली आहे. मशीन निर्दोष, प्लंबरला बोलवा.

२०. नवे कागद पसरून, कोरड्या पायांनी नळ, प्लग, एमसीबी या क्रमानं सगळं सुरू करा. कपडे नाहीत, पावडर नाही, सगळ्यात छोटा प्रोग्राम.

२१. स्टूल घेऊन शेजारी बसा आणि डाग कधी पडतो ते लिहून ठेवा. पाणी भरताना पडला तर कप्पा किंवा नळाचा पाईप, ड्रम फिरताना पडला तर दार, उपसताना किंवा पिळताना पडला तर फिल्टर किंवा सांडपाण्याचा पाईप. चालू मशीनखाली हात घालू नका.

२२. कागद कोरडा राहिला? मग अर्धे कपडे आणि नेहमीच्या निम्मी पावडर घालून एकदा धुऊन बघा. पावडर समोरून दार असलेल्या मशीनचीच हवी. बादलीत कपडे भिजवायच्या पावडरीचा फेस इतका होतो की तो कप्प्यातून बाहेर ढकलला जातो. गळती कमी पावडरीनं थांबली तर मशीनमध्ये काही बिघाड नव्हताच.

डाग मशीनच्या बरोबर मध्यावर किंवा मागे पडतोय, त्यात गंजाचा तांबूस रंग आहे आणि पिळताना ड्रम घरघरतोय, तर बेअरिंगचं सील गेलंय. त्याच दिवशी मशीन वापरणं बंद करा. काही मशीनांच्या तळाशी पाणी साचलं की पंप आपोआप चालू होतो आणि थांबतच नाही. तसं झालं तर आधी एमसीबी खाली करा, मग प्लग काढून ठेवा. दोन्ही वेळा मेकॅनिक लागणार, पण त्याला नुसतं "मशीन गळतंय" म्हणू नका. "पिळताना, मागच्या डाव्या कोपऱ्यातून, साबणाचं पाणी" असं नेमकं सांगा, म्हणजे तो पहिल्याच फेरीत लागणारा पार्ट घेऊन येईल.