हळद वेगळी, कॅप्सूल वेगळी

अगं, गुडघ्यासाठी तू कुर्कुमिनच्या कॅप्सूल सुरू केल्यास, आणि वर मलाच म्हणतेस, "ताई, हळदच तर आहे, हळदीनं कुणाचं काय बिघडतं?" वसमतची लेक असून असं बोलतेस? बेणं लावण्यापासून हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होईपर्यंत सगळं डोळ्यांदेखत झालंय तुझ्या. 2024 मध्ये आपल्या वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे मागणारी तूच होतीस.

तर ऐक. हळकुंडात कुर्कुमिन असतं शंभरात तीन-चार भाग. बाकी पिष्ट, तंतू, वासाचं तेल आणि कितीतरी बारीकसारीक द्रव्यं. 1815 साली फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी तो पिवळा भाग, म्हणजे कुर्कुमिन, वेगळा काढला आणि पुढं संशोधकांची नजर त्यावरच खिळली. त्यात चूक काही नाही, बरं का. चीनमध्ये तू यूयू नावाच्या बाईंनी एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन नेमकं वेगळं काढलं, त्यानं मलेरियाचे लाखो रोगी वाचले, 2015 चं नोबेल त्यांना मिळालं. तिथं नुसता पाला उकळून भागलं नसतं. हळदीचं मात्र तसं जुळलं नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या रसायनतज्ज्ञांनी कुर्कुमिनच्या शंभरावर मानवी चाचण्यांचा हिशोब मांडला. खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे डॉक्टर-रोगी दोघांनाही ठाऊक नसतं, अशा कडक चाचणीत त्यांना एकही यश दिसलं नाही. कुर्कुमिन आतड्यातून रक्तात नीट उतरतच नाही, आणि प्रयोगशाळेत स्वतःच्या रंगानं तपासण्यांना चकवतं. सगळ्यांनाच हा निष्कर्ष मान्य नाही, पण डबीवरच्या जाहिरातीपेक्षा मी त्याला जास्त मानते.

मग कंपन्यांनी काय केलं? मिऱ्यातलं पायपरिन घातलं. बंगळुरूच्या डॉक्टरांनी 1998 मध्येच दाखवलं होतं की वीस मिलिग्रॅम पायपरिन सोबत दिलं तर रक्तातलं कुर्कुमिन कित्येक पटींनी वाढतं. का वाढतं? आलेलं द्रव्य बाहेर काढण्याचं काम आतडं आणि यकृत करतात, त्याला पायपरिन अडवतं. म्हणजे राखणदारालाच बांधून ठेवायचं! आणि अडतं ते फक्त कुर्कुमिनसाठी नाही, तुझ्या दुसऱ्या गोळ्यांचंही गणित त्यात बिघडू शकतं. अमेरिकेत 2022 मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनी यकृत बिघडलेल्या दहा रोग्यांची नोंद छापली गेली, त्यातला एक दगावला. वरणातल्या चिमूटभर हळदीनं असं होत नाही गं. तो डोसही वेगळा आणि त्याचा रस्ताही.

आता याला उत्तर म्हणून कुणी "अख्खी हळद घे, सगळं बरं होतं" म्हणालं, तर त्याचंही ऐकू नकोस. अख्खं म्हणजे आपोआप गुणकारी, हा आपल्याकडचा दुसरा भाबडेपणा.

मला काळजी वेगळीच आहे. तुझा गुडघा हाडांच्या डॉक्टरकडं, बीपी दुसऱ्याकडं, थकवा तिसऱ्याकडं. हाडांच्या डॉक्टरनं दिलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. वाढलेल्या बीपीला दुसरा डॉक्टर आणखी एक गोळी लावेल. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर, आणि तू मात्र जास्तच आजारी! पंधरा किलो वाढलेलं वजन आणि दिवसभराची बैठक यांचं नाव कोणत्याच चिठ्ठीवर नाही.

म्हणून सगळ्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि ती डबीसुद्धा एका पिशवीत घाल आणि एकाच साध्या एमडी डॉक्टरसमोर ओत. काय खातेस, किती झोपतेस, जावईबापूंचं आणि तुझं काय चाललंय तेही सांग, लाजू नकोस. बी-12, डी आणि यकृताची तपासणी करायची का, ते विचार. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम शिकवून घे, गुडघ्याला त्याचा उपयोग होतो. आपल्या मनानं बीपीची गोळी मात्र बंद करू नकोस. कॅप्सूल बंद कर. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर तुझ्या त्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला विचारत बसू नकोस, त्याच दिवशी दवाखाना गाठ. आणि सासऱ्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग हौसेनं त्यांना देऊ केलेली दुसरी डबी आजच काढून घे.