गुऱ्हाळातील पदार्थविज्ञान

वाळवा तालुक्यातील आष्टा परिसर उसाचा. द्रव्याच्या तिन्ही अवस्था तेथे गुऱ्हाळात प्रत्यक्ष पाहता येतात. काहिलीतील रस द्रवरूप. त्याचे कण एकमेकांवरून सरकतात. उष्णतेने पाण्याचे कण सुटून वाफ होतात, साखरेचे मागे उरतात. पाणी घटते तसा उत्कलनबिंदू वाढून सुमारे ११८ अंश सेल्सिअसवर जातो. तेव्हाच गुळव्या काहील उतरवितो. थंड होताना कण जागा धरतात व ढेप घट्ट होते. घाई झाल्यास गूळ मऊ पडतो, विलंब झाल्यास करपतो. शेतकऱ्याचा दर घटतो. पावसाळ्यात ढेप पाघळते ती उष्णतेने नव्हे, हवेतील बाष्प शोषल्यामुळे. शिक्षकांनी हा भेद विद्यार्थ्यांस समजावून द्यावा. कोरड्या, हवाबंद साठवणुकीचे महत्त्व त्यातूनच घरोघर पोहोचेल.